तिसऱ्यांदा तुटलेलं स्टेपनीचं ब्रॅकेट

दांडोबाच्या डोंगरावरून उतरताना मागून आवाज यायला लागला. खडखड नाही, टक्… टक् असा, खड्ड्यात चाक गेलं की एकदा आणि वळणावर एकदा, मला आधी वाटलं जॅक सुटा पडलाय, पण पोरगा मागच्या बाकावर बसलेला, तो म्हणला पप्पा स्टेपनी बाहेर झुकलीय. भोसेच्या अलीकडे जीप कडेला घेतली, उतरून बघितलं तर खरंच, चाक वरून बाहेर आलेलं, चाक ज्या ब्रॅकेटच्या पाइपावर टांगलेलं त्या पाइपाचा वरचा वेल्ड पूर्ण सुटलेला आणि सगळं वजन खालच्या अर्ध्या वेल्डवर लोंबत होतं. दोन बोटांनी हलवलं तरी हलत होतं. मागून मोटरसायकलवाले येत होते, त्यातल्या एका गाडीवर पुढं टाकीवर लहान मूल बसवलेलं. त्यांच्या पुढ्यात हे चाक रस्त्यावर पडलं असतं तर, हा विचार त्या जागेवर जो आला तो अजून गेला नाही.

शेजारच्या द्राक्षबागेतून एक काका आले, काय झालं बघू म्हणले, आणि न मागता जाड दोराचा नाडा आणून दिला. तीन नट खोलून चाक आत घेतलं, नाड्यानं बाकाला करकचून बांधलं, पोराला पुढं बसवलं. नाडा परत कसा देऊ विचारलं तर म्हणले, "राहू द्या की, परत कवा आलासा की द्या." दिला मी नंतर, त्याचं पुढं सांगतो.

आमची जीप म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची जीप. जुनी डिझेल महिंद्रा, एमएच-१० पासिंग. आम्ही सांगलीत गावभागात राहतो, २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आलं तेव्हा आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी गेलं ५७ फुटांच्या वर, माणसं काढायची का गाडी काढायची असा प्रश्नच नव्हता, जीप बोळात तशीच बुडाली. पाणी उतरल्यावर इंजिन खोलून साफ केलं, ते वाचलं. चेसी पण चांगली निघाली. पण बॉडीचा पत्रा पुढच्या दोन वर्षांत आतून खात गेला, कारण गाळ जिथं जिथं दुमडीत बसला होता तिथं ओल कधी गेलीच नाही. शेवटी फ्लोअरमध्ये पाय जाईल एवढं भोक पडलं तेव्हा अण्णा म्हणले बॉडी नवीन घालू, पण हीच ठेवण, हेच माप, दुसरं काही नको.

मग बॉडीचं किट मागवलं. म्हणजे सुटे पत्रे, फ्लोअर, दोन्ही बाजू, मागचा पत्रा, मडगार्ड, बॉनेट, सगळं ट्रान्सपोर्टनं आलं आणि आम्ही बाप-लेकानं हिवाळाभर अंगणात जोडलं. अण्णांना त्याचं लै अप्रूप होतं, ते सारखं सांगायचे की महिंद्राची सुरुवात पण अशीच झाली, १९४७ ला विलीजच्या जीपा सुट्या भागांत आल्या आणि मुंबईत जोडल्या. चाळीस टक्के भोकं जुळत नव्हती, फाइल मारून मारून जुळवली, तरी तो हिवाळा मला आयुष्यभर पुरेल इतका चांगला गेला.

आता किटमध्ये स्टेपनीची जागा मागच्या पत्र्यावर होती. आमची जुनी स्टेपनी बाजूला असायची, बॉडीला अगदी चिकटून. नव्या बॉडीला ब्रॅकेट किटबरोबरच आलं होतं, एक छोटी चौकोनी प्लेट, चार बोल्ट, त्यावर आडवा पाइप आणि पाइपाच्या तोंडाला गोल प्लेट, तिच्यावर तीन स्टड. लावलं आणि विसरलो. आठ महिन्यांत पाइपाच्या बुडाचा वेल्ड तडकला. रस्त्याकडेच्या एका वेल्डिंगवाल्याकडं दहा मिनिटांत भरून घेतला. पाच महिन्यांनी त्याच वेल्डच्या कडेला परत चीर, दुसरीकडं गेलो, त्यानं अजून जाड भरला, वर म्हणला आता हत्ती बसवा. आणि हे तिसऱ्यांदा.

थोडं विषय सोडून. स्टेपनी हा शब्द आपण असा वापरतो जसा काय तो मराठीच आहे, पण तो एका गल्लीचं नाव आहे. वेल्समध्ये लानेली म्हणून गाव आहे, तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंचं दुकान होतं, त्यांनी १९०४ मध्ये हे जादा चाक काढलं. त्याआधी मोटारीत जादा चाक नसायचंच, पंक्चर झालं की रस्त्यातच बसून काढायचं. त्यांचं चाक म्हणजे आरे नसलेली नुसती रिम आणि टायर, ती पंक्चर चाकाला बाजूनं क्लॅम्पनी आवळायची आणि घर गाठायचं. तिकडं तो शब्द आता कोण वापरत नाही पण इथं कवठेमहांकाळच्या पंक्चरवाल्याच्या तोंडात तो रोज आहे, मला हे फार आवडतं.

तर घरी आलो. अण्णांनी खुर्ची अंगणात घ्यायला लावली, गुडघ्यामुळं त्यांना आता खाली बसता येत नाही. अण्णांची सगळी नोकरी किर्लोस्करवाडीला फाउंड्रीत गेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही वाडी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर वसवली, लोखंडी नांगर बनवायला, आता ती आपल्या पलूस तालुक्यात येते. ओतीव लोखंडात चीर कुठं लपते हे अण्णांना नजरेनं कळतं. मी ब्रॅकेट खोलून त्यांच्या हातात दिलं आणि म्हणलं उद्या वेल्ड करून आणतो. ते म्हणले, "दोनदा केलास की. तुटलं का ते बघितलंस काय?"

नव्हतं बघितलं. दोन्ही वेळेला मला गाडी चालू पाहिजे होती, एवढंच.

मग बघितलं. तुटलेली कड उन्हात धरली की दोन रंग दिसतात. वरच्या बाजूचा बराचसा भाग गंजलेला, तपकिरी आणि गुळगुळीत, आणि खाली थोडासा भाग चकचकीत, खडबडीत, साखरेच्या दाण्यासारखा. अण्णा म्हणले तपकिरी आहे ते जुनं तुटणं, ते महिनोन्‌महिने जरा जरा पुढं सरकत आलंय, हवा-पाणी लागून गंजलंय, आणि चकचकीत आहे ते आज दांडोबाला तुटलेलं. म्हणजे ब्रॅकेट त्या एका खड्ड्यात तुटलंच नव्हतं. प्रत्येक खड्ड्यात चाक जरासं खाली झुकतं आणि परत वर येतं, वरचा वेल्ड दरवेळी ताणला जातो, ताण तोडण्याइतका नसतो पण हजारो वेळा होतो, आणि वेल्ड जिथं संपतो त्या कडेला चीर धरते. तार वाकवून वाकवून तोडतो तसंच. लोखंडाचा हा थकवा माणसाला आगगाडीनं शिकवला, १८४२ मध्ये पॅरिसजवळ व्हर्सायच्या लाइनवर इंजिनाचा आस मोडून मोठा अपघात झाला, त्यानंतर आसांवर अभ्यास सुरू झाला की धडधाकट दिसणारं लोखंड मोडतं कसं.

जाड वेल्ड भरून उपयोग का झाला नाही ते तेव्हा कळलं. वेल्ड जाड केला की ती जागा ताठ होते, मग ताण तिच्या शेजारी जाऊन बसतो, आणि शेजारी पातळ पत्रा. हत्तीचा प्रश्न नव्हताच.

पुढचं काम अण्णांनी करायला लावलं ते मला आधी माहीतच नव्हतं. मागच्या पत्र्याचा पेंट बोल्टांच्या भोवती घासून काढायला लावला, पत्रा उघडा केला, मग फडक्यानं रॉकेल लावलं (आता रॉकेल कुठं मिळतं, डिझेल लावलं), दहा मिनिटं मुरू दिलं, कोरड्या फडक्यानं एकदम स्वच्छ पुसलं आणि नातवाच्या पाटीवरचा खडू कुटून ती पूड वरून चोळली. पांढरा पत्रा झाला. आणि पाचेक मिनिटांत वरच्या दोन्ही बोल्टांच्या भोकांपासून केसासारख्या काळ्या रेषा उमटल्या, एक पाऊण इंचाची, एक तर दीड इंच लांब. चिरेत शिरलेलं डिझेल खडूनं बाहेर ओढलं. फाउंड्रीत पूर्वी ओतकाम असंच तपासायचे म्हणे, आता त्यासाठी लाल रंगाच्या स्प्रेचे डबे मिळतात, कुपवाड एमआयडीसीत सगळे तेच वापरतात, तत्त्व तेच आहे. मी पाइपाचा वेल्ड भरून परत लावला असता तर यावेळी ब्रॅकेट टिकलं असतं आणि पत्र्याचा तुकडा घेऊन चाक गेलं असतं. पोरगा त्या रेषा बघून गप्पच झाला, मी पण.

संध्याकाळी भाचा आला, तो इथंच विश्रामबागला वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला आहे. त्याला म्हणलं हिशोब कर. चाक आम्ही दुकानाच्या काट्यावर घातलं, रिमसकट २६ किलो भरलं. पत्र्यापासून चाकाच्या मध्यापर्यंत अंतर १८ सेंटीमीटर. वरच्या आणि खालच्या बोल्टांमध्ये अंतर फक्त ९ सेंटीमीटर. मग वरच्या बोल्टांना खेच किती, तर २६ गुणिले १८ भागिले ९, म्हणजे ५२ किलो, गाडी नुसती उभी असताना. खड्ड्यात तिप्पट धरा, दीडशे किलोच्या वर. आणि हे सगळं धरून ठेवलंय १८ गेजच्या म्हणजे १.२ मिलिमीटरच्या पत्र्यानं, आतून फक्त रुपयाएवढे वायसर. भाचा म्हणला मामा, अंतर कमी करा आणि बोल्ट लांब लांब घ्या, वेल्डचं नंतर बघू. टायर २१५ रुंदीचा आहे, म्हणजे निम्मा पावणेअकरा सेंटीमीटर, वर रबराला जागा सोडली तरी १३ मध्ये बसतं. पाइप पाच सेंटीमीटर उगाचच लांब होता! बोल्टांचं अंतर २६ केलं की २६ गुणिले १३ भागिले २६, तेरा किलो. बावन्नाचे तेरा. कागदावर हे बघितल्यावर मला बरं वाटायच्या ऐवजी राग आला, किट बनवणाऱ्यानं एवढा पाच मिनिटांचा हिशोब केला असता तर.

वेल्डिंगसाठी माधवनगर रोडच्या एका मिस्त्रीमामांकडं गेलो, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतात, उसाच्या हंगामात त्यांच्याकडं उभं राहायला जागा नसते. त्यांनी पत्र्यावर बोटानं टिचकी मारली आणि म्हणले, "आवो दादा, ह्यो पत्रा नुसता डब्याचा हाय. ह्याच्यावर चाक टांगायचं नसतंय, ह्याच्यातनं टांगायचं असतंय." म्हणजे पत्रा मध्ये धरायचा, वजन पत्र्यानं घ्यायचं नाही. मी चाळीस मिनिटं अण्णांनी आणि भाच्यानं सांगितलेलं त्यांना सांगत होतो ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

काम असं झालं. आधी बॅटरीची अर्थिंग काढली, हे कुणी विसरू नका, वेल्डिंगचा करंट अल्टरनेटरमधून गेला की तो बाद होतो. डिझेलची टाकी पुढं सीटखाली आहे तरी त्या बाजूला ओलं पोतं टाकलं आणि पाण्याची बादली भरून ठेवली. पत्र्यातल्या प्रत्येक चिरेच्या टोकाला ३ मिलिमीटरचं भोक मारलं, कारण चिरेचं टोक सुईसारखं तीक्ष्ण असतं आणि सगळा ताण त्या टोकावर येतो, गोल भोक पडलं की ती तिथंच थांबते. टोक नेमकं कुठं आहे ते परत खडूनं बघून घेतलं, आणि बघितलं ते बरं झालं, डोळ्याला दिसत होतं त्याच्या दोन-तीन मिलिमीटर पुढं होतं. मग चिरा सीओटू मशीननं (गॅसवर बारीक तार सोडून वेल्ड करतं ते) भरल्या, सलग नाही, टाका मारायचा, थंड होऊ द्यायचा, दुसऱ्या टोकाला मारायचा. एवढा पातळ पत्रा रॉडनं भरायला गेलं की भोकच पडतं, आणि सलग भरला की तव्यासारखा फुगतो.

बाहेरून ५ मिलिमीटरची प्लेट, ३० सेंटीमीटर उंच आणि २० रुंद. आतून ३ मिलिमीटरची ३० बाय ३०, चारी कोपरे गोल केलेली. कोपरा टोकदार ठेवला तर पत्रा तिथंच कापत जातो, हे मामांनी न सांगता केलं. आतल्या प्लेटवर दोन उभे अँगल (एल आकाराच्या लोखंडी पट्ट्या), पंचवीस मिलिमीटरचे, ते खाली फ्लोअरखालच्या चॅनेलपर्यंत नेऊन बोल्टनं आवळले, म्हणजे चाकाचं वजन पत्र्यातून नाही तर अँगलवरून चेसीच्या अंगाला जातं. मला विचाराल तर या सगळ्या कामात हे दोन अँगल सगळ्यात महत्त्वाचे, बाकीचं थोडं मागंपुढं झालं तरी चाललं असतं.

पाइप पाच सेंटीमीटर कापला. जुना वेल्ड ग्राइंडरनं पूर्ण काढला, एक दाणा ठेवला नाही, कड उतरती केली आणि बारा नंबरच्या रॉडनं पहिला थर, वेल्डवरची खपली (स्लॅग) झाडून तारेच्या ब्रशनं घासून मग दुसरा. पाइपाच्या वर-खाली दोन तिकोनी प्लेटा लावल्या. तिकोनीचं निमुळतं टोक मामांनी कापून टाकलं आणि वेल्ड टोकाला न थांबवता वळवून पलीकडं नेला. मी विचारलं असं का, तर म्हणले ट्रॉलीची साटी तुटती ती कायम वेल्ड थांबतो तिथनं तुटती, म्हणून थांबायचं ते जोर नसल तिथं थांबायचं. अण्णा खुर्चीत बसून मान हलवत होते. दोघांची ओळख नव्हती, पण तासाभरात दोघं जुन्या दोस्तासारखे बोलायला लागले, मग मी फक्त पकडायला आणि द्यायला होतो.

थंड झाल्यावर नव्या वेल्डवर परत डिझेल आणि खडू. एक पण रेष आली नाही.

बोल्ट १० मिलिमीटरचे, डोक्यावर ८.८ लिहिलेले, म्हणजे जास्त ताकदीचे, आणि नायलॉक नट, आत नायलॉनची कडी असलेले, ते सहसा ढिले होत नाहीत. साधे बाजारी बोल्ट स्वस्त पडतात पण इथं नको. पाइपाच्या पोटाला ६ मिलिमीटरचं भोक ठेवलं, पाणी साठायला नको. आतली प्लेट आणि पत्रा याच्या मध्ये रेड ऑक्साइडचे दोन हात आणि कडेनं सीलंट, कारण दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी राहिलं की काय होतं हे आम्ही एकदा बघितलंय.

आणि रबर. हे मला सगळ्यांना सांगायचंय, कारण खूप जणांच्या गाड्यांना ते नसतं. स्टेपनीचा टायर नुसता स्टडवर टांगलेला असला तर तो प्रत्येक धक्क्याला हलतो आणि ब्रॅकेटला हातोडा मारल्यासारखा मारतो. टायर मागं कशाला तरी दाबून बसला पाहिजे. साखर कारखान्यात मळीच्या, भुशाच्या पट्ट्याचं जे कापडी रबर असतं त्याचे तुकडे भंगारात किलोवर मिळतात, ते एकावर एक ठेवून चार ठोकळे केले, टायरची बाजू जिथं टेकते तिथं चारी दिशांना लावले, आणि नट आवळले की टायर त्यांच्यावर जरासा दाबला जातो. तेवढ्यानं टक् टक् कायमची गेली. चाक लावल्यावर नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकत नाहीत ना ते पण मागं दहा पावलं जाऊन बघा, पाइप कापल्यावर आमचं चाक आत सरकलं आणि प्लेट दोन इंच बाजूला घ्यावी लागली.

लोखंड सहा किलोच्या आत लागलं, मजुरी, बोल्ट, रबर, रंग धरून सगळं १९०० रुपयांत झालं. आधीच्या दोन वेळेला मिळून साडेतीनशे गेले होते.

शेवटी प्रत्येक नटावरून प्लेटवर पिवळ्या पेंटची एक बारीक रेष ओढली. नट जरा जरी फिरला तरी रेष तुटलेली दिसते, पाना घेऊन बघायची गरज नाही. ५० किलोमीटरला एकदा सगळे आवळून घेतले, तेव्हा दोन नट पाव-पाव फेरा फिरले, पेंट दबला असणार. रेषा पुसून परत ओढल्या.

परवा रविवारी नाडा परत द्यायला दांडोबाच्या रस्त्यालाच गेलो, यावेळी अण्णा पण आले. काका बागेत छाटणीला होते, नाडा घेतला आणि आम्हाला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. अण्णा जीपच्या मागं उभे राहिले, दोन्ही हातांनी टायर धरून जोरात हिसका दिला, एकदा, दोनदा. जीप स्प्रिंगवर हलली, चाक जागचं हललं नाही. मग वाकता येत नाही तरी कष्टानं वाकून त्यांनी एकेका नटावरची पिवळी रेष बोटानं चाचपून बघितली, चारी बघितल्या, आणि पोराला म्हणले, "बस मागं."